‘नीट दाबून धरले तर भोक पडतेच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भिंतीत भोके पाडण्यासाठी कोणते ड्रिल घ्यावे, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. उत्तर लिहायला मुद्दाम दोन दिवस घेतले, कारण पहिल्याच संध्याकाळी लिहायला बसलो असतो तर माझाही सूर तुमच्यासारखाच लागला असता.

इतर वाचकांसाठी तुमचे म्हणणे थोडक्यात देतो. वर्षातून दहा भोके पाडणाऱ्या माणसाला रोटरी हॅमर, म्हणजे हवेच्या दाबाने जोरदार ठोके देणारे मशीन, घ्यायला सांगणे हास्यास्पद आहे. ७५० वॅटचे आणि मिनिटाला ४८,००० ठोके देणारे साधे हॅमर ड्रिल ‘नीट दाबून धरले तर कोणत्याही भिंतीत भोक पडतेच, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांनी मशीनला दोष देऊ नये’. एसडीएस चकमध्ये, म्हणजे रोटरी हॅमरच्या खाचा असलेली बिटे धरणाऱ्या पकडीत, साधे बिट (भोक पाडणारी सळी) बसत नाही हे माझे विधान चूक आहे. हलक्या ब्लॉकच्या भिंती आणि मशीनचा आवाज यांबद्दल मी पुरेसे लिहिलेले नाही. शेवटी तुम्ही लिहिता, ‘लेखकाने बहुधा माहितीपत्रके वाचून लेख लिहिला असावा.’

हे शेवटचे वाक्य लिहिण्याची तुम्हाला काय गरज होती, हे मला खरोखर समजलेले नाही. लेखातली चूक दाखवा, आकडा खोडून काढा, मी दुरुस्ती करीन आणि आभारही मानीन. पण ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलेले नाही, त्याने हातात ड्रिल धरले आहे की नाही याचा निवाडा एका ओळीत करून मोकळे व्हायचे, याला टीका म्हणत नाहीत. शिवाय पक्क्या विटेची भिंत असेल आणि ६ किंवा ८ मिलिमीटरची मोजकी भोके पाडायची असतील तर हॅमर ड्रिल पुरेसे आहे, असे मी लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिले होते. तो परिच्छेद तुम्ही वाचलेला दिसत नाही, आणि माहितीपत्रके वाचण्याचा आरोप मात्र माझ्यावर आहे.

एक गोष्ट मान्य करतो. एसडीएस चकमध्ये साधे गोल दांड्याचे बिट बसतच नाही, हे माझे वाक्य अपुरे होते. एसडीएसचा दांडा असलेला १३ मिलिमीटरचा वेगळा चक मिळतो. तो मशीनमध्ये बसवून, ठोके बंद ठेवून, लाकडात आणि पत्र्यात भोके पाडता येतात. अशा जोडचकात बिटाला थोडी डगमग राहते, त्यामुळे नेमके काम करायला तो मला पसंत नाही. पण तो असतो, आणि त्याचा उल्लेख मी करायला हवा होता. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता ‘नीट दाबून धरण्या’कडे येतो, कारण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत मला लागलेले वाक्य तेच आहे. ते चूक आहे, आणि माझ्या उमेदीची पहिली दीड वर्षे मी तेच खरे मानून काम केले आहे.

वयाच्या विसाव्या वर्षापासून पुढची चौदा वर्षे मी लोकांच्या घरांत कपाटे, फळ्या, आरसे आणि पडद्यांचे दांडे बसवण्याचे काम केले. सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली होतो त्यांनी मला एक हॅमर ड्रिल दिले आणि तुम्ही सांगता तेच सांगितले: जोर लाव. एकदा खिडकीच्या वरच्या बाजूला चार भोके पाडायची होती. पहिले भोक दीड सेंटिमीटर आत गेले आणि थांबले. मी शिडीवर उभा राहून छातीने मशीनला रेटा दिला. बिटाचे टोक तापून निळे पडले, चकाच्या तीन जबड्यांतून दांडा घसरू लागला, तो पुन्हा पुन्हा किल्लीने आवळावा लागला, आणि शेवटी बिट खडीच्या एका दगडावरून सरकून ठरलेल्या खुणेपासून चांगले ८ मिलिमीटर बाजूला गेले. पाऊण तासात तीन भोके झाली आणि त्यांपैकी एक वाया गेले. त्या रात्री उजव्या मनगटाला आलेली सूज पुढे कित्येक दिवस उतरली नाही. दोष माझ्या ताकदीचा आहे असेच मला तेव्हा सांगण्यात आले, आणि मीही ते मान्य केले. म्हणूनच ‘ज्यांना जमत नाही’ हे तुमचे शब्द मला इतके झोंबले. ते मी पूर्वी ऐकलेले आहेत, आणि तेव्हाही ते खोटे होते.

दोष कशाचा होता ते मशीन उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. हॅमर ड्रिलच्या आत दोन दातेरी चकत्या समोरासमोर असतात. बिट भिंतीवर दाबले की त्या एकमेकींना टेकतात, एकीचे दात दुसरीच्या दातांवरून चढतात आणि उतरतात, आणि त्या हिसक्याने बिट किंचित पुढेमागे होते. चकतीला १६ दात आणि मिनिटाला ३,००० फेरे असतील तर ठोके ४८,००० होतात. तुमचा आकडा असा साध्या गुणाकारातून आलेला आहे, आणि तोही मशीन मोकळे फिरत असतानाचा आहे. तुम्ही जितके जास्त रेटाल तितके फेरे कमी होतात आणि त्याच प्रमाणात ठोकेही कमी होतात. शिवाय प्रत्येक ठोक्याचा जोर इतका अल्प असतो की काँक्रीटमधल्या कठीण खडीला त्याने तडा जात नाही. दगड फुटायला एका ठोक्यात ठरावीक मर्यादेपलीकडचा ताण यावा लागतो. त्या मर्यादेच्या आतले ठोके कितीही दिले तरी दगडाची नुसती घासपूस होते आणि टोकाचे कार्बाइड, म्हणजे तिथे बसवलेला कठीण तुकडा, मात्र तापून बोथट होते.

रोटरी हॅमरची रचनाच वेगळी आहे. त्यात मोटर एक दट्ट्या पुढेमागे हलवते, दट्ट्यासमोर सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, आणि ती दाबलेली हवा एका सुट्या घणाला पुढे फेकते. तो घण मधल्या ठोकळ्यामार्फत बिटाच्या मागच्या टोकावर आदळतो. दोन-सव्वादोन किलो वजनाच्या लहान मशीनमध्ये असे ठोके मिनिटाला साधारण ४,००० ते ५,००० पडतात, म्हणजे तुमच्या आकड्याच्या दहाव्या भागाच्या आसपास, पण प्रत्येक ठोका दोन ते तीन जूलचा असतो (जूल हे ऊर्जेचे माप). ही ऊर्जा कोंडलेल्या हवेतून येते, माणसाच्या खांद्यातून येत नाही. या मशीनला बिट टेकलेले राहील इतकाच दाब पुरतो; जास्त रेटले तर काम मंदावते. बिट चकात घट्ट आवळलेलेही नसते. १० मिलिमीटरच्या दांड्यावर दोन उघड्या आणि दोन बंद खाचा असतात. उघड्या खाचांमधून मशीन बिटाला फिरवते, बंद खाचांत गोळ्या अडकतात, आणि दांडा थोडासा मागेपुढे सरकायला मोकळा राहतो. त्यामुळे ठोका चकाला न बसता सरळ बिटाला बसतो. बॉश कंपनीने ही पद्धत १९७५ च्या सुमारास आणली. हवेच्या दाबाने ठोके देणारी विजेची यंत्रे त्याआधीही होती, पण बिट धरण्याचा प्रश्न असा नीट सुटलेला नव्हता.

तुमचे उत्तर मला दिसते आहे: घराच्या भिंती विटांच्या असतात, काँक्रीटचा प्रश्न येतोच कुठे? तो नेमका तिथेच येतो जिथे सामान्य माणसाला भोके हवी असतात. पडद्याचा दांडा खिडकीच्या वर बसतो, आणि खिडकीच्या वर बहुतेक वेळा लिंटेल असते, म्हणजे सळया घातलेले काँक्रीट. पंख्याचा किंवा दिव्याचा हूक स्लॅबमध्ये जातो. उंच कपाटाचा एखादा कोपरा तुळईवर किंवा खांबावर येतो. घर विटांचे असूनही वर्षातल्या त्या दहा भोकांपैकी सहा-सात काँक्रीटमध्ये पडतात, आणि हे मी चौदा वर्षे खुणा करून, पेन्सिलीने, भिंतीभिंतीवर पाहिले आहे. वर्षातून दहाच भोके पाडणाऱ्याला सराव नसतो, तो शिडीवर उभा असतो, त्याला बिट खुणेवरून सरकलेले सावरता येत नाही. मशीनने काम करावे आणि माणसाने फक्त दिशा सांभाळावी, ही गरज त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे. मशीन वर्षातून किती वेळा वापरले जाते हे तुम्ही मोजता. मी भोक कशात पाडायचे आहे ते पाहतो.

रोटरी हॅमरलाही सळई कापता येत नाही. बिट आत जाणे एकदम थांबले आणि आवाज धातूचा आला, तर हात काढून भोक बाजूला घ्यावे. तिथे दाबून धरणारा माणूस कार्बाइडचे टोक गमावतो आणि इमारतीच्या सळईलाही इजा करतो. तुमचा सल्ला वाचून कोणी असे करू नये म्हणून हे इथे लिहावे लागते आहे.

उरलेल्या मुद्द्यांसाठी फार जागा खर्च करण्याची गरज दिसत नाही. हलक्या एएसी ब्लॉकमध्ये आणि पोकळ विटेत ठोके बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडायचे असते, नाहीतर भोक मोठे होते आणि प्लग धरत नाही. त्यासाठी मशीनवर बटण असते आणि त्या बटणाचा उल्लेख लेखात होता. आवाज दोन्ही मशीनचा होतो. ७५० वॅट हा मशीन किती वीज घेते त्याचा आकडा आहे, भिंतीवर किती जोर पडतो त्याचा नाही, आणि हे तुम्हाला ठाऊक असायला हवे होते.

तरीही तुमची खात्री कायम असेल तर एक करून पाहा. तुमच्याच घरातल्या एखाद्या खिडकीच्या वर, लिंटेलमध्ये, ८ मिलिमीटर व्यासाची आणि ५० मिलिमीटर खोल चार भोके तुमच्या हॅमर ड्रिलने नीट दाबून धरून पाडा. आधी तिथून वायर जात नाही याची खात्री करा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क लावा, कारण ती धूळ सिलिकाची असते. चारही भोकांना लागलेली वेळ आणि प्रत्येक भोक खुणेपासून किती सरकले ते मोजून मला कळवा. आकडे माझ्या विरोधात गेले तरी मी ते मूळ लेखाच्या खाली जसेच्या तसे देईन.