कॉम्प्युटरला प्रवेश मिळेल, पण लॅबची किल्ली कोणाकडे?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या तारखा जाहीर झाल्या की नाशिकहून मला जर्मनीत, ड्रेस्डेनला, फोन सुरू होतात. मामेबहीण, कॉलेज रोडच्या काकू, बाबांचे सातपूरचे जुने सहकारी, सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. कॉम्प्युटर घ्यावं की एआय-डेटा सायन्स? कुठल्या कॉलेजचं पॅकेज जास्त? आणि हल्ली त्यात एका काळजीची भर पडली आहे: कोड जर एआयच लिहायला लागला, तर पोरानं चार वर्षं शिकायचं तरी काय?

ही काळजी खोटी नाही. निफाड-दिंडोरीकडच्या घरात मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी द्राक्षाच्या हंगामातला पैसा बाजूला काढावा लागतो, आणि बाग पावसात सापडली तर कर्ज होतं. एवढा पैसा लावताना माणूस दहा ठिकाणी विचारणारच. पण ज्याबद्दल विचारायला हवं ते कोणी विचारत नाही, हे मला इथे बसून सतत जाणवतं. 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा ठेवायच्या यावरची कमाल मर्यादा उठवली. मागणी कॉम्प्युटरला, त्यामुळे जागाही तिथेच वाढतात आणि कोरी करकरीत नावं घेऊन नव्या शाखा निघतात. जागा वाढल्या म्हणजे वर्ग वाढले, बाकं वाढली. प्रयोगाची टेबलं त्या प्रमाणात वाढली का? कॉलेज बघायला गेलेले किती पालक लॅबचं दार उघडून आत डोकावतात?

माझं मत स्पष्ट सांगते. शाखेच्या नावानं फार फरक पडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मुलाला यंत्राच्या आत हात घालायला मिळतो की नाही, यानं पडतो. आणि ते शिकवायला नाशिकइतकं सोयीचं शहर महाराष्ट्रात क्वचितच असेल.

बाबा सातपूरला मायकोत होते. कंपनीचं नाव 2008 साली बॉश झालं, पण आमच्या घरात आणि सर्कलच्या नावात मायको अजून आहे. त्या कारखान्यात डिझेल इंजिनाची नोझल आणि इंजेक्टर बनतात. लहानपणी मला ते निव्वळ लोखंडाचं काम वाटायचं. आजचं कॉमन रेल इंजेक्टर, म्हणजे एका सामायिक उच्च दाबाच्या नळीतून इंधन घेऊन ते इंजिनात फवारणारा भाग, कसं चालतं ते पाहा. इंजिन मिनिटाला 2,000 फेरे फिरत असेल तर एक फेरा 30 मिलिसेकंदांत होतो. म्हणजे क्रँकशाफ्ट, इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, एक अंश फिरायला जेमतेम 83 मायक्रोसेकंद. त्या हिशोबात नेमक्या अंशाला इंजेक्टर उघडायचं, थोडं इंधन आधी, मुख्य मात्रा नंतर, लागलं तर शेवटी आणखी थोडं, आणि दर वेळी बंद करायचं. हा हुकूम सोडतो एक छोटा प्रोसेसर. त्याचं गणित बरोबर आलं पण उशिरा आलं, तर ते चुकलंच. प्रोसेसर, त्यावरची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, सेन्सरकडून येणारे इंटरप्ट (हातातलं काम थांबवून आधी इकडे बघ, असे इशारे), तारेवरचा सिग्नल, हे सगळं एकत्र समजणं म्हणजे कॉम्प्युटर सिस्टिम्स इंजिनिअरिंग. नाशिकला आयटी पार्क हवा ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. पण सातपूर-अंबडच्या शेडमध्ये, स्विचगिअर बनवणाऱ्या कारखान्यांत, ओझरला एचएएलच्या विमानांत हा विषय रोज चालू असतो, आणि त्यापासून काही किलोमीटरवरची मुलं हिंजवडीची बस कधी लागेल याची वाट बघत चार वर्षं काढतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ड्रेस्डेनमध्ये बॉशनं 2021 साली 300 मिलिमीटरच्या वेफरवर चिप बनवणारा कारखाना सुरू केला. इन्फिनिऑन आणि ग्लोबलफाउंड्रीज आधीपासून आहेत, आणि तैवानच्या टीएसएमसीनं युरोपीय भागीदारांबरोबर नव्या कारखान्याची पायाभरणी 2024 मध्ये केली. इथल्या टीयूत, म्हणजे तंत्र विद्यापीठात, 'इन्फोर्माट्सिओन्ससिस्टेमटेक्निक' (माहिती-प्रणाली तंत्रज्ञान) हा अभ्यासक्रम इन्फॉर्मेटिक्स आणि इलेक्ट्रिकल हे दोन विभाग मिळून चालवतात. त्यात ट्रान्झिस्टरही येतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमही. ज्या एल4 घराण्यातले मायक्रोकर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे अगदी छोटे गाभे, आज कितीतरी उपकरणांत आहेत, त्यातला एक याच विद्यापीठात घडला. शहरातल्या कारखान्यांत काय चालतं आणि विद्यापीठात काय शिकवतात, यात इथे भिंत नाही. आमच्याकडे ती आहे. एखादी इंडस्ट्रियल व्हिजिट, गेटवर ग्रुप फोटो, त्यावर चार पानांचा रिपोर्ट, की झालं.

आता एक लॅब सांगते, कारण फरक तिथेच दिसतो. मास्टर्सच्या पहिल्या सत्रात आम्हाला एक छोटा बोर्ड आणि सीमधला तयार प्रोग्राम दिला. टायमरचा इंटरप्ट दर मिलिसेकंदाला एक आकडा वाढवतो, आणि मुख्य प्रोग्राम तो आकडा शंभरवर जाईपर्यंत थांबून राहतो. साधं काम. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्याची कंपाइलरची सोय) बंद ठेवून कंपाइल केला की प्रोग्राम नीट चालायचा, चालू केलं की कायमचा अडकायचा. का, ते शोधा, एवढंच काम होतं. शिकवणारा असिस्टंट खिडकीशी उभा राहून कॉफी पीत होता. कोणी काही विचारलं की म्हणायचा, असेंब्ली बघा, म्हणजे कंपाइलरनं प्रोसेसरसाठी तयार केलेल्या सूचना.

मी असेंब्ली उघडली आणि मला ती वाचता आली, कारण नाशिकला शिकले होते. पुणे विद्यापीठाच्या माझ्या वेळच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी इंटेलचा 80386 हा प्रोसेसर असायचा, एनएएसएम या असेंब्लरवर प्रोग्राम लिहावे लागायचे. आमच्या मॅडम ते आधी कागदावर लिहायला लावायच्या, प्रत्येक ओळीनंतर रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत) काय उरलं ते शेजारी मांडायला लावायच्या, आणि उगाच कोणाला सोडायच्या नाहीत. त्यामुळे इथला प्रोसेसर वेगळा असूनही दिसलं, की मेमरीतून आकडा वाचण्याची सूचना कंपाइलरनं लूपच्या बाहेर काढून ठेवली आहे. आकडा एकदाच रजिस्टरमध्ये येतो, आणि पुढे लूप त्याच शिळ्या आकड्याशी तुलना करत बसतो. इंटरप्ट तिकडे मेमरीत इमानेइतबारे वाढवतोय, इकडे बघायला कोणी जात नाही. व्हेरिएबलपुढे 'व्होलटाइल' लिहिलं, म्हणजे दर वेळी मेमरीतूनच वाच असं कंपाइलरला बजावलं, आणि बोर्ड चालू झाला. शेजारचा जर्मन मुलगा हुशार होता, पण असेंब्लीच्या बाबतीत तो माझ्या मागे होता.

म्हणून नाशिकच्या मित्रमंडळींत "अजून 386 शिकवतात, कुठल्या जमान्यात आहोत" हा सूर निघतो तेव्हा मी त्यात सूर मिसळत नाही. 386 आला 1985 मध्ये, आणि लिनक्सनंही त्याचा आधार केव्हाच काढून घेतला, हे खरं. पण पेजिंग (मेमरी ठरावीक पानांत वाटणं), संरक्षित मोड, कर्नलची आणि तुमच्या प्रोग्रामची वेगळी पातळी या कल्पना त्या प्रोसेसरमध्ये आहेत आणि आजच्या लॅपटॉपमध्येही आहेत. दुखणं वेगळंच आहे. सबमिशनच्या आठवड्यात एकाची फाइल सगळी बॅच उतरवते, राइट-अपच्या झेरॉक्स फिरतात, प्रोग्राम सीनिअरकडून पेन ड्राइव्हवर येतात. एक्स्टर्नलसमोर मुलं आउटपुट दाखवतात, आणि एक ओळ बदलून दाखव म्हटलं की हात थांबतो. मॅडमसारखे शिक्षक अपवाद ठरतात, कारण त्यांच्यावर चार बॅचेस, नॅकची कागदपत्रं आणि ॲडमिशनचं काम असतं. आणि पाच वाजता लॅबला कुलूप. उपकरण बिघडलं तर जबाबदारी कोणाची, या भीतीनं ऑसिलोस्कोप कपाटात.

इथे माझ्या विभागात कार्ड दाखवून संध्याकाळी उशिरापर्यंत लॅबमध्ये बसता यायचं. बोर्ड जळला तर कोणी ओरडायचं नाही. का जळला ते लिहून द्यायला सांगायचे. माझ्या लेखी, इतक्या दूर येऊन मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही.

याचा अर्थ सगळ्यांनी उठून जर्मनीला यावं असा कोणी घेऊ नये. आज जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत जास्त आहे, आणि कॉलेज रोडवरच्या जाहिराती "फुकट शिक्षण" म्हणतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे बरोबर. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टीयूनंही 2024 पासून शुल्क सुरू केलं. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या वर. ते बहुतेक घरांत कर्जानेच उभे राहतात. आणि परीक्षा? माझ्या वेळी आपल्याकडे सत्राच्या मधल्या परीक्षेला (इनसेम) तीस, शेवटच्या परीक्षेला (एंडसेम) सत्तर, शिवाय टर्मवर्कचा हात असायचा. इथे बहुतेक विषयांत सगळं एका पेपरावर. तोच विषय तिसऱ्यांदा नापास झालात तर बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमातून नाव कटतं, आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही सहसा करता येत नाही. हजेरी कोणी घेत नाही, त्यामुळे मूल खचलंय हेही कोणाच्या लक्षात येत नाही. नाशिकला वायडी झालेल्या, म्हणजे वर्ष वाया गेलेल्या, मुलाभोवती निदान घर असतं. बावीस वर्षांच्या मुलाला दहा लाखांच्या ओझ्यासह अशा ठिकाणी पाठवताना पालकांनी हे माहीत करून घ्यावं, एवढंच मी त्या फोनवर पुन्हा पुन्हा सांगते. पदवी नाशिकला नीट करावी आणि मग यायचं असेल तर यावं.

एआयबद्दल. मी जिथे काम करते तिथे ही साधनं रोज वापरतो. टेस्टचा सांगाडा, नेहमीचा ड्रायव्हर, जुन्या कोडचा सारांश ही कामं ती झटपट करतात, आणि फक्त तेवढंच येणाऱ्याची नोकरी धोक्यात आहे हे मी मुलांना गोड बोलून लपवणार नाही. पण 1997 सालचं मार्स पाथफाइंडर आठवा. यान मंगळावर व्यवस्थित उतरलं आणि मग त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची नोंद ठेवणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामानं एक कुलूप (एका वेळी एकाच कामाला धरता येणारं, सामायिक माहितीवरचं) धरून ठेवलं होतं, जास्त प्राधान्याचं महत्त्वाचं काम त्या कुलपासाठी खोळंबलं होतं, आणि मधल्या प्राधान्याचं तिसरंच काम प्रोसेसर बळकावून बसत होतं. पृथ्वीवरच्या हुबेहूब प्रतिकृतीवर इंजिनिअरांनी तो प्रसंग पुन्हा घडवून आणला, आणि त्या कुलपाची प्राधान्य वारशानं देण्याची सोय चालू करून, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वाट बघणाऱ्याचं प्राधान्य देऊन, तो दोष इथून दुरुस्त केला. असं काम करायला यंत्राचं चित्र डोक्यात असावं लागतं. ते असेल तर एआय तुमच्या हाताखाली काम करेल. नसेल तर त्यानं दिलेलं उत्तर बरोबर की चूक हेही कळणार नाही.

मराठीतून इंजिनिअरिंगचा वादही फोनवर निघतोच. एआयसीटीईनं 2021 मध्ये प्रादेशिक भाषांना परवानगी दिल्यावर पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजनं कॉम्प्युटरचा वर्ग मराठीत सुरू केला, त्यावर तेव्हा बरीच टीका झाली. मी त्याच्या बाजूनं आहे. जर्मनीत पदवीचं शिक्षण बहुतांशी जर्मनमध्ये होतं, डेटाशीट इंग्रजीत वाचतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पिंपळगावहून आलेल्या मुलाला पेजिंग मराठीत समजलं तर ते जास्त खोल रुजेल.

राहिला पैशाचा प्रश्न. ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको 2 ची किंमत पाच डॉलर होती, आणि या छोट्या बोर्डात आर्म आणि रिस्क-व्ही या दोन जातींचे प्रत्येकी दोन प्रोसेसर कोर आहेत. वीस मुलांच्या बॅचला शंभर डॉलरमध्ये प्रत्येकी एक बोर्ड. एमआयटीची एक्सव्ही6 ही शिकण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टिम फुकट आहे, आणि एका सत्रात संपूर्ण वाचून होईल एवढी लहान. सीडॅकचे वेगा आणि मद्रास आयआयटीचे शक्ती हे प्रोसेसर तर आपलेच. एका नव्या शाखेच्या उद्घाटनाच्या मंडपावर होतो त्यापेक्षा हा खर्च कमी असावा. अडतं ते लॅब असिस्टंटच्या ड्युटीवर, किल्लीवर, आणि बोर्ड जळला तर जळू द्या असं म्हणणाऱ्या एका एचओडीवर.

मामेबहिणीच्या मुलाचा ऑप्शन फॉर्म या आठवड्यात भरायचा आहे. त्याला मी सांगितलं, एआय-डेटा सायन्सच्या आधी साधं कॉम्प्युटर टाक, आणि ई अँड टीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) हलकं समजू नकोस, ते दुसऱ्या नंबरवर ठेव. कॉलेज बघायला जाशील तेव्हा प्लेसमेंट सेलच्या आधी मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये जा, संध्याकाळी पाचनंतर, आणि तिथे कोण भेटतं ते बघ. बहिणीला ई अँड टीसी पटलेलं नाही, तिला पॅकेजची चिंता आहे. उद्या पुन्हा फोन करणार आहे.