स्रेब्रेनित्सा: ‘आकडा विचारणं हा गुन्हा आहे का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्रेब्रेनित्सावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: तिथला वंशसंहार नाकारणाऱ्या सगळ्यांना ‘एकतर अडाणी नाहीतर दुष्ट’ ठरवून मी मोकळी झाले. युद्धात आकडे फुगवले जातातच आणि इतिहास जेतेच लिहितात. युगोस्लाव्हियातले युद्धगुन्हे तपासणारं हेगचं न्यायालय पाश्चात्त्यांचं. मेलेल्या सर्बांसाठी कुणी रडत नाही. आकडा विचारला म्हणून माणसाला तुरुंगात टाकणं हा कुठला न्याय? आणि शेवटी, ‘बोस्नियाचं तुम्हाला काय पडलंय?’

पहिला मुद्दा मान्य. ते वाक्य मी रागाच्या भरात लिहिलं आणि ते चुकलं. ‘अडाणी’ हा शब्द तर मुळीच बरोबर नाही, कारण स्रेब्रेनित्सात जे घडलं ते सगळ्यांत आधी नाकारलं ते ज्यांना ते सगळ्यांत नीट ठाऊक होतं त्यांनी.

ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: स्रेब्रेनित्सा हे पूर्व बोस्नियातलं छोटं गाव. १९९२ ते १९९५ च्या बोस्नियन युद्धात, एप्रिल १९९३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी ते ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केलं होतं. ११ जुलै १९९५ रोजी रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्याने ते घेतलं. जवळच्या पोतोचारीत संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतल्या डच सैनिकांचा तळ होता, त्याभोवती जमलेल्या बायका, मुलं, म्हातारे यांना बसमध्ये कोंबून हद्दपार केलं. पुरुष आणि वयात येणारे मुलगे वेगळे काढले, जंगलवाटेने निसटणाऱ्यांना पकडलं किंवा शरण यायला लावलं, आणि पुढच्या काही दिवसांत ८ हजारांहून अधिक बोस्नियाक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. क्रावित्साचं गोदाम, ओराहोवात्सची शाळा, ब्रान्येवोचं शेत, कोझलुकचा नदीकाठ अशा जागांवर.

आता नाकारणं कधी सुरू झालं ते पाहा. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेत विमानातून काढलेले फोटो दाखवले, त्यांत नव्याने उकरलेली जमीन दिसत होती. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्रीच्या वेळी जेसीबीसारखी यंत्रं आणून मोठ्या थडग्यांतली प्रेतं उपसली, ट्रकमध्ये भरली आणि दूरच्या डोंगराळ वाटांच्या कडेला छोट्या छोट्या खड्ड्यांत पुरली. यंत्राच्या दातांनी देह तुटले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन खड्ड्यांत सापडली. ज्याला वाटतं की आपण काही गैर केलं नाही, तो शेकडो लिटर डिझेल जाळून रात्री मढी हलवत नाही. आज टीव्हीवर बसून ‘इतके मेलेच नाहीत’ म्हणणारा माणूस त्या यंत्रांचंच काम पुढे चालवतो आहे, मग त्याला ते जाणवो वा न जाणवो.

आकड्यांवर तुमचा विशेष भर आहे, म्हणून इथे जरा थांबते. ‘बेपत्ता म्हणवले जाणारे जिवंत आहेत, जर्मनीत राहतात’ हा दावा त्या वेळीही होता. हेल्गे ब्रुनबोर्ग या नॉर्वेच्या लोकसंख्यातज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बेपत्तांच्या याद्या युद्धापूर्वीच्या जनगणनेशी ताडल्या आणि मग युद्धानंतरच्या मतदारयाद्यांशीही, म्हणजे मेलेला म्हणून नोंदवलेला कुणी पुढे मतदार म्हणून उगवला आहे का हे बघायला. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. तेव्हा त्यांनी काढलेला किमान आकडा होता ७४७५. डीएनए चाचण्या नंतर आल्या. हजारो नातेवाइकांनी रक्ताचे नमुने दिले, २००१ पासून हाडांशी त्यांची जुळणी सुरू झाली आणि आजवर जवळपास ७ हजार माणसांची ओळख पटली आहे. नावासकट, बापाच्या नावासकट.

‘ते लढाईत मेलेले सैनिक होते’ हाही दावा तुम्ही लिहिला आहे. जंगलातून निघालेल्या लोकांपैकी काही सशस्त्र होते आणि काही चकमकींत मेले, हे खरं आहे, कुणी लपवलेलं नाही. पण थडग्यांतून शेकडोंनी निघालेल्या डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि हात मागे बांधलेल्या तारा-दोऱ्या लढाईच्या नसतात. कोझलुकला बाटल्या भरण्याच्या कारखान्याजवळ लोकांना मारलं होतं. तिथल्या फुटक्या काचा आणि बाटल्यांची लेबलं कित्येक किलोमीटर दूर, चानचारीच्या वाटेवरच्या खड्ड्यात हाडांबरोबर निघाली. काहींच्या मनगटावर हाताच्या हालचालीवर चालणारी घड्याळं होती. हात थांबल्यावर ती दीड-दोन दिवस चालली आणि कुठल्या तारखेला बंद पडली ते तबकडीवर राहिलं.

‘इतिहास जेते लिहितात.’ मग इथे जिंकलं कोण? युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर स्रेब्रेनित्सा गेलं रिपब्लिका स्र्प्स्कात, म्हणजे बोस्नियातल्या सर्बांच्या स्वायत्त भागात. मुलगा, नवरा गमावलेली बाई परत आली ती त्याच लोकांच्या राज्यात. पालेमधल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला २०१६ मध्ये बोस्नियन सर्बांचा युद्धकाळातला नेता राडोव्हान काराजिच याचं नाव दिलं, तेही त्याच्यावरच्या खटल्यात हेगचा निकाल लागायच्या अवघे चार दिवस आधी, आणि ती पाटी चार वर्षांहून अधिक काळ तिथे होती. आणि साक्षी कुणाच्या? द्राझेन एर्देमोविच हा म्लादिचच्याच सैन्यातला. १६ जुलैला ब्रान्येवोच्या शेतावर गोळ्या घालणाऱ्या तुकडीत तो स्वतः होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि एकेक बस कशी येत होती ते न्यायालयात सांगितलं.

बायका-मुलांना जिवंत सोडलं म्हणून हा वंशसंहार नव्हे, असंही तुम्ही म्हणता. वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या करारातली व्याख्या एखादा समूह ‘पूर्णतः किंवा अंशतः’ नष्ट करण्याच्या हेतूबद्दल बोलते. गावातले सगळे कर्ते पुरुष मारून उरलेल्यांना हाकलून दिलं तर तो समाज त्या जागी पुन्हा उभा राहू शकत नाही आणि हे करणाऱ्यांना ते कळत होतं, असं हेगच्या न्यायाधीशांनी २००१ मध्ये म्लादिचच्या सैन्यातला जनरल क्रस्तिच याच्या खटल्यात म्हटलं. २००४ मध्ये अपिलात क्रस्तिचची स्वतःची जबाबदारी कमी ठरली, शिक्षा ४६ वर्षांवरून ३५ वर आली, पण वंशसंहार झाला हा निष्कर्ष कायम राहिला. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच निकालात सर्बियाला वंशसंहार करण्याच्या आरोपातून मोकळं केलं आणि तो न रोखल्याबद्दल दोषी धरलं. ठरवून सर्बांच्या मागे लागलेलं न्यायालय असा निकाल देईल, असं मला वाटत नाही.

आता जिथे तुम्ही मला खरंच अडवलंत तिथे येते. सर्बांसाठी कोण रडतं? ७ जानेवारी १९९३, ऑर्थोडॉक्स नाताळ. त्या दिवशी स्रेब्रेनित्सातल्या बोस्नियाक फौजेने क्रावित्सावर हल्ला केला. आसपासची सर्ब गावं जळली, माणसं मेली. तिथला कमांडर नासेर ओरिच २००८ मध्ये अपिलात निर्दोष सुटला आणि त्या गावांतल्या आयांना त्याचं काय वाटलं असेल हे मी समजू शकते. माझ्या लेखात यातलं एक वाक्यही नव्हतं. असायला हवं होतं. पण बघा, त्या आयांचं दुःख खरं आहे म्हणून पोतोचारीच्या आयांचं खोटं ठरत नाही. ते दुःख हातात घेऊन ‘आमचेही मेले’ म्हणत दुसऱ्याची थडगी झाकणारे पुढारी त्या सर्ब आयांचंही काही भलं करत नाहीत.

लोक का नाकारतात, याचं माझं सुधारलेलं उत्तर इथूनच सुरू होतं. पुढाऱ्यांचं कारण सरळ आहे: आपल्या प्रजासत्ताकाच्या पायात ही हाडं आहेत हे मान्य केलं तर पायाच हलतो. सामान्य माणसाचं कारण जास्त अवघड आहे. २००५ मध्ये रिपब्लिका स्र्प्स्काच्याच एका कार्यगटाने त्या कारवाईत या ना त्या प्रकारे असलेल्या १९ हजारांहून अधिक लोकांची नोंद केली. कुणी बस चालवली, कुणी पहारा दिला, कुणी यंत्र चालवलं. म्हणजे तितक्या घरांतला बाप, मामा, शेजारी. जेवायला बसलेल्या बापाला ‘त्या जुलैत तू कुठे होतास?’ असं विचारण्यापेक्षा आकड्यावर वाद घालणं सोपं असतं. ही दुष्टता नव्हे. तो भित्रेपणा आहे, आणि तसा भित्रेपणा माझ्यातही असू शकतो. म्हणून ‘दुष्ट’ हा शब्दही मी मागे घेते, सगळ्यांपुरता नाही, पण बहुतेकांपुरता.

या भिंतीला आतून तडा देणारेही झाले. सर्बियाची राजधानी बेलग्रेडमधल्या मानवाधिकार कार्यकर्त्या नाताशा कांदिच यांनी ‘स्कॉर्पियन्स’ या सर्ब तुकडीची एक चित्रफीत मिळवली. तीत स्रेब्रेनित्साच्या सहा जणांना, त्यातले काही तर पोरसवदा, त्रनोवोजवळ गोळ्या घालताना दिसतात. जून २००५ मध्ये ती सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोशेविच याच्या हेगमधल्या खटल्यात आणि मग सर्बियात टीव्हीवर दाखवली गेली. काही दिवसांत अटका झाल्या, २००७ मध्ये बेलग्रेडच्याच न्यायालयाने शिक्षा दिल्या. त्याआधी २००४ मध्ये रिपब्लिका स्र्प्स्काचे तेव्हाचे अध्यक्ष द्रागान चाविच यांनी स्वतःच्या लोकांसमोर टीव्हीवर हे आपल्या इतिहासातलं काळं पान असल्याचं सांगितलं, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारने माफी मागितली. हे सगळं झालं ते तिथल्या सरकारी आयोगाने हत्याकांड मान्य करणारा अहवाल दिल्यावर. २०१८ मध्ये तिथल्या विधानसभेने तो २००४ चा अहवाल रद्द केला. एकदा कबूल केलेलं परत गिळता येतं, हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त बोचतं.

तुरुंगाबद्दल माझं मत तुमच्यापासून फार दूर नाही. जुलै २०२१ मध्ये डेटन कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी व्हॅलेंटिन इंझको यांनी बोस्नियात नाकारण्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा ठरवली, आणि सर्ब पक्षांनी देशाच्या संस्थांवर बहिष्कार घातला. बाहेरच्या अधिकाऱ्याने लादलेल्या कायद्याने कुणाचं मन बदललं असेल, असं मला वाटत नाही. पण म्लादिचची चित्रं भिंतीवर रंगवलेल्या रस्त्याने जिला रोज बाजारात जावं लागतं, तिने हा कायदा मागितला तर तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर व्याख्यान द्यायला माझी जीभ रेटत नाही.

‘तुम्हाला काय पडलंय’ याचं उत्तर थोडक्यात देते. युगोस्लाव्हियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिफौजेचे पहिले सेनापती सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी होते. पण हे नातं नसतं तरी मी लिहिलंच असतं.

आणि तुमचा मूळ प्रश्न. नाही, आकडा विचारणं गुन्हा नाही. पोतोचारीच्या शिळेवर ८३७२ कोरलंय आणि पुढे ठिपके आहेत, कारण हा आकडा अंतिम नाही असं तिथेच लिहिलेलं आहे. सुमारे एक हजार माणसं अजून सापडलेली नाहीत. दरवर्षी ११ जुलैला तिथे नवी दफनं होतात. कधी आधी पुरलेल्या मुलाचं आणखी एखादं हाड सापडतं, मग थडगं पुन्हा उघडावं लागतं. काही आया ‘अजून थोडं सापडू दे’ म्हणून थांबतात आणि थांबता थांबता मरतात. आकडा नेमका व्हावा असं त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नसेल. उरलेली थडगी कुठे आहेत हे ती यंत्रं चालवणाऱ्यांना माहीत आहे, आणि त्यातले कित्येक अजून हयात असतील. तुमचा प्रश्न त्यांना विचारा. मीही तुमच्याबरोबर विचारेन.