माणूस मिळणार नाही

गोल्फ मैदानाच्या काउंटरवरच्या पोराला मी विचारलं, "बॅग उचलायला माणूस मिळेल का?"

"माणूस बंद झाला, सर. रोबो आहे."

मिसळ संपली, वडा आहे, असं हॉटेलात सांगतात ना, अगदी त्याच सुरात.

खरं तर गोल्फ मी खेळत नाही, माझा साडू खेळतो. बांधकामाच्या धंद्यात ओळखी लागतात, आणि चांगल्या ओळखी हल्ली टिळकवाडीच्या कट्ट्यावर होत नाहीत, कापलेल्या गवतावर होतात, असं त्याचं म्हणणं. त्याला जोडीदार कमी पडला. साडूला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. त्यानं त्याचा जुना क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "भाड्यानं रोबो घे, काही उचलायला लागत नाही." बेळगावात जुलैत जेवढी उघडीप असते तेवढी त्या दिवशी होती, म्हणजे भुरभुर चालू होती.

रोबोचं भाडं पूर्वीच्या कॅडीच्या, म्हणजे बॅग वाहणाऱ्या माणसाच्या, मजुरीपेक्षा जास्त. वर अनामत. अनामतीला आधार कार्डाची झेरॉक्स. आणि एक अर्ज, वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी कुठंय, हे विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. 1956 पासूनचं भांडण, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला दावा, त्यात गोल्फच्या अर्जाची भर कशाला? सही ठोकली. तरी पावतीवरच्या शेवटच्या ओळीनं डोळ्यात बोट घातलंच : सपोर्ट चार्जेस.

"हे काय?"

"रोबोबरोबर एकजण येतो, सर."

"अहो, पण माणूस बंद झाला म्हणालात ना?"

"कॅडी बंद झाला. हा सपोर्ट."

सपोर्ट शेडमधून बाहेर आला. साठीच्या आसपासचे गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी, अंगात भगभगीत पिवळं जाकीट, पाठीवर इंग्रजीत 'रोबो सपोर्ट'. रिमोटबिमोट काही नाही, हातात एक बांबूची चिंबाटी, टोकाला तासून चपटी केलेली. कंग्राळीकडचे. इथंच कॅडी म्हणून जन्म गेलेला. मी त्यांना मामा म्हणालो, त्यांनी मला साहेब म्हणायचं थांबवलं नाही.

यंत्राची करामत तशी सोपी आहे. एक छोटी डबी आपल्या पट्ट्याला अडकवायची. यंत्र त्या डबीचा संदेश धरून चार पावलं मागून येतं. आपण थांबलो की तेही थांबतं. खाली लिथियमची बॅटरी, वर बॅग. कोरड्या, सपाट मैदानावर हे झकास चालत असणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं बेळगावच्या तांबड्या चिखलाबद्दल आहे. पहिल्याच उतारावर यंत्र थबकलं आणि बारीक आवाजात कुईं कुईं करायला लागलं.

"मामा, काय झालं याला?"

"विचार करुलालंय."

"कसला?"

"तुमचा शॉट बगितला न्हवं त्यानं."

मामा वाकले. चिंबाटीनं त्यांनी चाकाच्या खाचेतला चिखल खरवडून काढला, एकेक खाच, सावकाश, कान कोरावा तसा. मग यंत्राच्या बुडाला हात लावून एक ढुशी दिली. यंत्र निघालं.

"हे ढकलायचं तुम्हाला ट्रेनिंग दिलं काय?"

"दिलं की ओ. एक दिवस. बेंगळूरचा पोरगा आलता. त्येनं सांगितलं, मशिनला हात लावायचा न्हाई."

"मग?"

"मग काय, त्यो गेला बेंगळूरला. मशिन ऱ्हायलं हितं."

पुढं पाण्याची चर लागली. यंत्र काठावर उभं राहिलं. मामांनी बॅग उतरवली आणि खांद्यावर मारून पलीकडं ठेवली. परत आले, यंत्र दोन्ही हातांनी उचललं, तेही पलीकडं ठेवलं. वर बॅग चढवली, पट्टे आवळले. मी नुसता बघत उभा. बॅग तर बॅग, आता बॅगेचा हमालही उचलायचा, तोही साठीत!

"मामा, हे हितं नेहमीच अडतं?"

"चर आली की अडतंच. त्येचा बी सीमाप्रश्न हाय, साहेब."

एवढं बोलून त्यांनी समोरच्या निलगिरीच्या शेंड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वारं डावीकडनं हाय. सातला र्‍हाऊ द्या, सहा घ्या." मी सहा नंबरचा क्लब घेतला. चेंडू चक्क जायचा तिकडं गेला. साडूनं वळून बघितलं. यंत्राला निलगिरी दिसत नाही, वारं कळत नाही. आणि समोर उभा असलेला गडी घाबरलाय हे तर अजिबातच कळत नाही.

कॅडी म्हणजे फक्त हमाल, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. 1913 साली गोल्फची अमेरिकन ओपन स्पर्धा फ्रान्सिस विमेट नावाच्या वीस वर्षांच्या हौशी पोरानं जिंकली. हॅरी वॉर्डन आणि टेड रे हे त्या काळचे दोन दादा खेळाडू त्यानं हरवले. तेव्हा त्याची बॅग एडी लोअरी नावाच्या पोराच्या खांद्यावर होती, वय वर्षं 10. आणि 1829 साली सुरू झालेल्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा, एस. एस. पी. चौरसिया, कॅडीचं काम करत करत खेळ शिकला आणि 2008 साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला. यंत्राच्या पोटी चौरसिया जन्माला येत नाही. बॅगेतही जास्तीत जास्त 14 क्लब ठेवायचे, असा नियम अमेरिकेत 1938 साली झाला. त्याआधी लोक पंचवीस-तीस काठ्या भरत आणि कॅडी बिचारे वाकत. म्हणजे ओझं कमी करायचं तर नियम करूनही करता येतं, माणूसच कमी करायला लागतो असं नाही.

असो. खरा तमाशा पुढंच होता. काउंटरवरच्या त्या पोरानं डब्यांची अदलाबदल केली होती, हे सुरुवातीला सगळे एकाच कळपात चाललो होतो म्हणून कळलं नाही. वाटा फुटल्या आणि माझी बॅग एका पाहुण्याच्या मागं मुकाट्यानं चालू पडली. पाहुणा बेंगळूरचा, अर्ध्या चड्डीतला. तो थांबला, माझी बॅग थांबली. तो पळाला, तीही पळाली. त्याची चकचकीत बॅग इकडं माझ्या मागं इमानदारीत उभी. शेवटी तो तिकडून ओरडला, "इदु निम्दा?" म्हणजे, हे तुमचं का?

"हौदु, नम्दे!" मी इकडून ओरडलो. अर्जावरच्या कन्नडपेक्षा हे कन्नड मला बरं जमतं.

मामा मधोमध उभे राहून रहदारीच्या पोलिसासारखे दोन्ही हात हलवत होते. यंत्रं त्यांचं ऐकत नव्हती, कारण मामांच्या पट्ट्याला डबी नव्हती. त्यांना डबी द्यायची कुणाला सुचलंच नव्हतं.

परत आलो तर काउंटरवर अनामतीतून 'क्लीनिंग'चे पैसे कापलेले. चाकांना चिखल लागला म्हणून. जुलैत. बेळगावात! मी म्हणालो, चिखल तुमच्या मैदानाचा, चाक तुमचं, पाऊस देवाचा, माझा यात संबंध काय? पोरानं अर्जातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तोवर मागच्या नळावर मामा चाकं धूतही होते.

"मामा, हे कापलेले पैसे तुम्हाला मिळतात?"

"कुठलं ओ. टिपबी घ्यायची न्हाई म्हणून बोर्ड हाय तिथं."

मी नोट त्यांच्या जाकिटाच्या खिशात कोंबली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि ती काढून टोपीत सरकवली. हे मला आवडलं नाही. माणसानं घामाचे पैसे चोरल्यासारखे का लपवायचे?

बाहेर पडताना फोनवर संदेश : आमच्या रोबो कॅडीला किती तारे द्याल? मी एकावर बोट टेकवणारच होतो.

"ओ साहेब, पाच द्या," मामा मागून म्हणाले. "त्ये तारे मशिनचे न्हवंत. माज्या नावावर पडत्यात."

दिले पाच. ज्या यंत्रानं माझी बॅग बेंगळूरला पाठवली असती, त्याला माझ्याकडून पाच तारे.

परवा त्यांची जाहिरात आली. 'समाधानी पाहुणे' म्हणून माझा फोटो, शेजारी यंत्र, स्वच्छ धुतलेलं. माझ्या डाव्या खांद्यामागं पिवळ्या जाकिटाची एक पट्टी तेवढी उरलीय, बाकी मामा कापून टाकलेत. साडूनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मेहुण्यानं खाली लिहिलंय : "भावोजी, निदान एक पिशवी तरी स्वतः उचला की."