काळी एकमधले काका

मोबाईलवर व्हिडिओ पाहणे काकांना मान्य नाही. चवथीला, म्हणजे गणपतीत, गोव्यातल्या वाळपईच्या मूळ घरी झालेली घुमट आरती (घुमट म्हणजे चामडे ताणलेले मातीचे वाद्य) त्यांना टीव्हीवरच हवी, तीही जुन्या डीव्हीडी प्लेअरवर. मी फोंड्याला कॉम्प्युटरसमोर बसून पोट भरतो, म्हणून काम माझ्या गळ्यात. मी हिशेब लिहितो, हे काकांच्या लेखी किरकोळ.

चित्राचा काही त्रास नसतो. टीव्हीची पाल पद्धत, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम एवढे सांगितले की सॉफ्टवेअर निमूट कामाला लागते. मेख आवाजात आहे. भाच्याने हौसेने आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता, एमपीथ्रीत. आणि डीव्हीडीचे सोवळे भलतेच कडक. आवाज साठवायच्या प्रकारांपैकी एसीथ्री चालतो, न दाबलेला पीसीएम चालतो, पालच्या डिस्कवर एमपीटूसुद्धा चालतो. एमपीथ्री तेवढा पारोसा. थोरला भाऊ पंगतीत जेवतोय आणि धाकट्याला ओसरीवर थांबवलेय!

मग त्याला अंघोळ घालून पीसीएम केला, डिस्क तयार केली आणि कदंबच्या बसने वाळपईला धाडली. संध्याकाळी फोन.

"अरे, हा कोण गातोय माझ्या तोंडाने?"

काकांची गायची पट्टी पेटीवरची काळी एक. उभ्या तालुक्याला ठाऊक. रेकॉर्डरने आवाज सीडीसारखा ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने असा घेतला होता, डीव्हीडीला लागतात ४८. मी वापरलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरने आवाजाला हातही न लावता वर पाटी तेवढी ४८ची ठोकली. त्यामुळे प्लेअरने तेच नमुने जास्त वेगाने वाजवले आणि काका जे वर चढले ते पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसले. तिथे पेटीला पट्टीच नाही. शिवाय तासाभराची आरती ५५ मिनिटांत आटोपली. पडद्यावर मंडळी तोंडे हलवताहेत, घुमटावर थापा पडताहेत, आणि आवाज केव्हाच प्रसाद घेऊन घरी गेलेला.

तेवढ्यात वाळपईच्या मामेभावाने डिस्क लॅपटॉपमध्ये घालून निदान केले. "ऑडिओ टीएस नावाचा फोल्डर आहे, तो रिकामा! आवाज भरायलाच विसरलास तू." तो फोल्डर व्हिडिओ डीव्हीडीत रिकामाच असतो, आवाज चित्रासोबत व्हीओबी नावाच्या फायलींत असतो, हे मी फोनवर समजावले. त्याने ते काकांना सांगितले ते असे: "तो म्हणतो, रिकामाच असतो." काका त्यावर जे बोलले ते कोकणीत होते आणि इथे छापण्यासारखे नाही.

शेवटी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज रीतसर ४८ला रिसॅम्पल केला, म्हणजे नमुने नव्याने मोजून घेतले. पीसीएम तासाला ६९० एमबी खातो, त्यात चवथीचा सगळा गोतावळा ४.७ जीबीत कोंबायचा. म्हणून १९२ केबीपीएसचा एसीथ्री केला, तासाला जेमतेम ८६ एमबी. त्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेग नावाचे जोडसॉफ्टवेअर वेगळे बसवावे लागते. ते का, हे विचारायचे नसते.

नवी डिस्क लागली. काका काळी एकमध्ये, घुमट जागेवर, कासाळे म्हणजे झांजा अचूक तोंडाला तोंड. काका डोळे मिटून ऐकत होते म्हणे. चौथी आरती संपून पाचवी सुरू झाली तेव्हा काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"ती आधीची डिस्क टाकली नाहीत ना कुठे? पुढच्या चवथीला भटजींना तीच ऐकवा. पानं वेळेवर वाढता येतील."