कॅमेरा माझा, अँगल काकांचा

सोसायटीच्या ग्रुपवर परवा सेक्रेटरींचा निरोप आला. ‘काही सभासदांनी परस्पर पॅसेजमध्ये कॅमेरे बसवल्याने इतर सभासदांच्या खासगीपणास बाधा येत असून तशी लेखी तक्रार प्राप्त झाली आहे.’ आमच्या इमारतीत कॅमेरा एकाच दारावर आहे, तेव्हा ‘काही सभासद’ म्हणजे मीच. खाली लगेच अंगठ्यांची रांग लागली. त्यात एक अंगठा आमच्या हिचाही होता. न वाचता दिला म्हणते.

तक्रारदार कोण, हे विचारायची गरज नव्हती. समोरचे काका. आणि खरा संताप तिथेच आहे, कारण तो कॅमेरा आज जिकडे बघतो तिकडे त्याला काकांनीच बघायला लावलंय.

दारातून माझे सँडल गेले, म्हणून कॅमेरा घ्यायचा ठरलं. दुकानदार डीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यासकट अख्खा सेटच गळ्यात मारायला बसला होता. चार कॅमेरे, एक टीबीची हार्डडिस्क. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसभर चालला की साधारण वीस जीबी खातो, म्हणजे चार मिळून दहा-बारा दिवसांत ती डिस्क भरणार आणि मग जुनं पुसून त्यावर नवं. म्हटलं, माझ्या घराला दार एक आहे, बाकीचे तीन कॅमेरे कुणावर रोखू? तर म्हणाला, “एक हॉलमध्ये लावा, एक किचनमध्ये. कामवालीवर लक्ष राहतं.” आमच्या मावशींकडे घराची किल्ली असते. आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी त्याच घालतात. मी एकच वायफायवाला कॅमेरा आणि एक मेमरी कार्ड उचललं आणि निघालो. जाता जाता त्यानं सांगितलंच, की ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, त्यामुळे फुटेज बाहेरच्या कुणाच्या हाती लागण्याची भीती नको. परदेशातल्या हेराला माझा पॅसेज दिसू नये म्हणून सरकारनं एवढं केलं. समोरच्या दारातल्या माणसासाठी मात्र काहीही तरतूद नाही.

बसवायला आलेल्या पोरानं स्टूल मांडलं, ड्रिल लावलं, आणि पहिल्या घरघरीला काकांचं दार उघडलं. अंगात बनियन, हातात पेपर.

“काय चाललंय?”

“कॅमेरा बसवतोय, काका.”

“तुमच्याकडे काय आहे चोरण्यासारखं?”

हे त्या पोरासमोर. ते पोर खाली मान घालून हसलं, मी पाहिलं.

“माझे सँडल गेले.”

“ते जुने? बरं झालं.”

“नवे होते.”

“मग नसतील लक्षात.” काका पुढे सरकले आणि त्यांनी कॅमेऱ्याचं खोकं वाचायला घेतलं. “हा बाहेर आलेला कशाला घेतलास? घुमटासारखा येतो तो घ्यायचा. हा चोराला लांबून दिसतो.”

“दिसलाच पाहिजे ना. दिसला की घाबरेल.”

“घाबरेल कशाचा? तोंडाला रुमाल बांधून येईल. मग तुझा कॅमेरा काय, रुमाल ओळखणार?”

याला उत्तर नव्हतं. एवढ्यात कॅमेऱ्याला वीज मिळाली आणि तो बोलू लागला. बाईचा आवाज, खणखणीत इंग्रजी, अख्ख्या जिन्यात ऐकू जाईल असा. मला जोडा, मला जोडा, असं ती घटकाघटकानं म्हणत होती. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वाकून पाहिलं. काकू बाहेर आल्या.

“कोण आहे हो ही?”

“कॅमेरा आहे,” काका म्हणाले. “याला आवरत नाहीये.”

पोरगा म्हणाला, “सर, तुमचा मोबाइल पाच गिगाहर्ट्झच्या वायफायवर आहे. याला दोन पॉइंट चारच चालतं.”

“स्वस्तातला घेतलास का?” काका.

शेवटी मी स्टुलावर चढून मोबाइलवरचा क्यूआर कोड कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर धरून उभा राहिलो. जवळ धरा, लांब धरा, हलवू नका. खाली काका-काकू, वर डोकावणारे, आणि मी भिंतीला मोबाइल दाखवतोय. एकदाची ती बाई गप्प झाली आणि मोबाइलवर चित्र आलं.

चित्र आलं आणि काकांनी सूत्रं हातात घेतली. “जरा वर घे रे. डावीकडे. अजून. आमचं चपलांचं कपाट येतंय का बघ. हां, आता दार. पाटी वाचता येते का?” पोरगा स्क्रू सैल करत गेला. शेवटी मोबाइलमध्ये काकांचं कपाट, काकांचं दार, काकांची पाटी, दारावरचं सुकलेलं तोरण, सगळं स्वच्छ दिसत होतं. माझं पायपुसणं बाहेर गेलं होतं.

“काका, माझं दारच नाही यात.”

“तुझं दार कशाला दिसायला पाहिजे? तुझ्या दारात तू आहेसच की.”

पोरानं स्क्रू आवळला, पैसे घेतले, आणि गेला.

तेव्हापासून मी इमारतीचा बिनपगारी वॉचमन आहे. रात्री अंधारात दिसावं म्हणून कॅमेरा जे किरण सोडतो त्यावर किडे येतात, किड्यांवर कोळी येतो, आणि कोळी भिंगावरून गेला की पहाटे अडीचला मोबाइल ओरडतो: माणूस आढळला. ते एक वेळ सोसलं. पण सकाळी बेल वाजायची आणि दारात काका. दूधवाला कितीला आला बघ. जावई काल रात्री कितीला गेले? कपाटावर छत्री कुणी ठेवली? आणि नुसतं सांगून भागायचं नाही, शेजारी बसून बघायचं. मागे घे. अजून मागे. थांब, थांब, पुढे गेलं. तोवर चहा आलाच.

गेल्या आठवड्यात ते आले ते पेटलेलेच. “माझ्या पेपरची पुरवणी रोज गायब होते. आज सोक्षमोक्ष.” मी फुटेज लावलं. पावणेसात. काकांचं दार उघडलं, काका बाहेर आले, माझ्या दाराच्या दिशेनं गेले, चित्रातून नाहीसे झाले, आणि पेपर घेऊन परतले. कपाटाला टेकून त्यांनी तो वाचला, आतलं एक पान काढून घडी करून काखेत मारलं, आणि उरलेला परत नेऊन ठेवला. मागोमाग पेपरवाला त्यांचा पेपर टाकून गेला.

“हा मी नाही,” काका म्हणाले.

“काका, बनियन तेच आहे.”

“असं बनियन कुणाचंही असतं. तुझ्या कॅमेऱ्यात चेहरे नीट येत नाहीत.”

चहा अर्धा टाकून गेले. आणि मग ती लेखी तक्रार. बरं, स्वतःच्या पुरवणीचं काय झालं, ते अजून कळलेलं नाही. मला माझ्या शब्दकोड्याचं तेवढं कळलं. रोज मला वाटायचं, पेपरवालाच पान घालायला विसरतो. त्या बिचाऱ्याला मी दोनदा बोललोही होतो.

आता सेक्रेटरींचं म्हणणं, प्रत्येकानं फक्त आपापलं दार बघावं. त्या पोराला फोन केला. तो म्हणाला, “सर, अँगल बदलायचे साडेतीनशे, व्हिजिटचे वेगळे. पण खाली वळवला तर फक्त पायपुसणं येईल. दाराच्या वरच्या कॅमेऱ्याला दार कसं दिसणार? ते समोरच्या भिंतीवरूनच दिसेल.”

समोरची भिंत काकांची. मी काल जाऊन विचारलं. काका म्हणाले, त्यांची काही हरकत नाही. वीज माझ्या मीटरची हवी, भोक पाडल्यावर भिंतीला रंग मी द्यायचा, आणि ते ॲप त्यांच्याही मोबाइलमध्ये टाकून द्यायचं.