हस्की, कारवान आणि ‘आपली हवा’

महाराष्ट्रातल्या घरांत कुत्रा घ्यायचा विषय निघाला की हल्ली दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, विदेशी जाती पाळणं ही गुलामी वृत्ती, देशी पाळा. दुसरा म्हणतो, कुठल्या जाती खतरनाक तेवढं सांगा, बाकी आमचं आम्ही बघू. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जाती हिंस्र ठरवल्या आणि त्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा असं राज्यांना कळवलं. त्या यादीत रॉटवायलर होता, केन कोर्सो होता आणि नुसतं ‘टेरियर’ असंही लिहिलेलं होतं. शब्दशः घेतलं तर सहा-सात किलोचा जॅक रसेल टेरियरही त्यात आला. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते पत्रक रद्द केलं. यादी गेली, वाद मात्र उरला.

जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसून हे वाचताना मला चीड येते ती यादीची नव्हे. याद्या जर्मनीतही आहेत. २००१ च्या कायद्याने पिटबुलसह चार जाती देशात आणायला बंदी आहे, आणि बऱ्याच राज्यांनी आपापल्या वेगळ्या याद्या केल्या आहेत. आमच्या नीडरझाक्सन राज्याने जातींची यादी ठेवलेली नाही. २०१३ पासून इथे नव्याने कुत्रा पाळणाऱ्याला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते आणि पहिल्या वर्षाच्या आत कुत्र्यासह प्रत्यक्ष चाचणी. आपल्याकडच्या वादात हा पाळणारा कुठेच नसतो. त्याचं घर नसतं, त्याचे कामाचे तास नसतात. असते ती फक्त कुत्र्याची जात, आणि जातीवर बोलायला तर आपण सदैव तयार.

सुरुवात तासांपासून करावी. घर सलग किती तास रिकामं असतं? मोठा झालेला, सवय लागलेला कुत्रा चार ते सहा तास एकटा राहतो. पिल्लाचं गणित सोपं आहे: जितके महिने वय, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते लघवी धरू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. नवरा-बायको दोघं सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला येणार असतील तर कुठलीच जात ‘सूट’ होत नाही. दुपारी कोण येणार ते आधी ठरवावं. मग सकाळी सहाला आणि रात्री नऊला पट्टा कोणाच्या हातात असेल ते नाव घेऊन ठरवावं. ‘मुलं फिरवतील’ हे उत्तर धरू नये. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर तीस किलोच्या आसपास असतो, मांजर दिसलं की तो दहा वर्षांच्या मुलाला ओढत नेतो.

त्यानंतर प्रश्न हवेचा, आणि इथे मी हटून बसतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या गाद्यांतून. अंग थंड करायचं ते धापा टाकून, म्हणजे जिभेवरचं आणि नाकातलं पाणी उडवून. मुंबईच्या दमट हवेत ते पाणी उडत नाही. कुत्र्याचं शरीर एरवी ३८ ते ३९ अंशांवर असतं. ४१ च्या पुढे गेलं की उष्माघात. हस्की हा बर्फावर घसरगाडी ओढणारा कुत्रा. त्याचा दुहेरी कोट, म्हणजे केसांचे दोन थर, थंडीसाठी आहे, आणि त्याचे पाय दिवसभर गाडी ओढण्यासाठी. त्याला एसीत बसवून हवेचा प्रश्न अर्धा सुटेल, पण पायांचा अजिबात सुटत नाही. मग तो सोफा फाडतो, दार ओरबाडतो, रात्री हेल काढून रडतो आणि सोसायटीत त्याच्यावर ‘खतरनाक’ असा शिक्का बसतो. उन्हाळ्यात त्याचे केस काढून टाकणारे लोक आहेत; त्याने कातडी उन्हात भाजते आणि केस परत येतात ते विस्कटलेले. उष्माघात झालाच तर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो उष्णता कोंडतो. नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा आणि तसंच डॉक्टरकडे न्या.

चपट्या तोंडाचे पग आणि फ्रेंच बुलडॉग छोट्या फ्लॅटसाठी उत्तम असं जे सांगितलं जातं, ते फक्त त्यांच्या आकाराकडे पाहून. नाकपुड्या अरुंद, टाळू घशात लोंबलेला; ते घोरणं म्हणजे अडलेला श्वास आहे. नेदरलँड्सने २०१९ पासून नाक कवटीच्या एक तृतीयांशाहून आखूड असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीला मनाई केली. बीगल दहा-बारा किलोचा, पण आवाज टोळीला हाक मारणाऱ्या शिकारी कुत्र्याचा. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर विचार करा.

आता ‘देशी पाळा’कडे. गावठी कुत्रा मला मनापासून आवडतो: आखूड केस, पंधरा-वीस किलो, उन्हाची सवय, नाक-डोळे-कंबर सगळं जागच्या जागी. पण ‘त्याला काही लागत नाही’ हे खोटं आहे. त्यालाही सहा-आठ आठवड्यांपासून लसी लागतात, गोचिडांचा ताप त्यालाही होतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत त्याने लिफ्ट, मिक्सर, वॉचमन, व्हीलचेअर हे सगळं पाहिलेलं नसेल, तर मोठेपणी तो प्रत्येक कुरिअरवाल्यावर भुंकेल, कारण राखण त्याच्या रक्तात आहे. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू तर चावण्याचा जोर किती ठेवायचा हेसुद्धा शिकलेलं नसतं.

आणि कारवान. म्हणजेच मुधोळ हाउंड: मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी जोपासलेला, २००५ साली टपाल तिकिटावर आलेला आपला आखूड केसांचा, सडपातळ शिकारी कुत्रा. अभिमानाने सांगावा असा कुत्रा, आणि अभिमान हेच तो घेण्याचं सगळ्यात वाईट कारण. तो नजरेने शिकार करतो. पळणारी वस्तू दिसली की हाक त्याच्या कानात शिरत नाही. त्याला पट्टा न लावता धावायला कुंपण घातलेली जागा रोज हवी. ती मिळाली तर उरलेला दिवस तो शांत झोपतो. परक्याने अंगावर हात फिरवलेला त्याला खपत नाही, मालक ओरडला तर तो दबतो. सातव्या मजल्यावर साखळीला बांधलेला कारवान हा हस्कीइतकाच चुकीच्या जागी आहे. इथे वायमरानर या शिकारी जातीचे क्लबमधले पैदासकार पिल्लू शिकाऱ्यालाच देतात. तो कुत्रा जर्मन आहे, आणि तरीही प्रत्येक जर्मन घरासाठी नाही.

हे सांगताना मी इथल्या गोष्टी निवडून सांगतो आहे, हे मला कळतं. टियरहाइम, म्हणजे सोडून दिलेल्या प्राण्यांची आश्रयस्थानं, इथेही भरलेली असतात. एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत जंगलात कुत्रा पट्ट्याशिवाय सोडता येत नाही, तेव्हा इथलेही लोक कुरकुरतात. आणि भारतात सोसायटीला जातीवरून किंवा आकारावरून पाळीव कुत्र्याला बंदी घालता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाचं मार्गदर्शन आहे. इथे भाड्याच्या घरात घरमालकाला विचारावं लागतं. त्या बाबतीत आपण जास्त उदार आहोत, हे मी इथल्या लोकांना आवर्जून सांगतो.

तरी ‘विदेशी जात’ हे शब्द माझ्या कानाला टोचतात. ‘आपल्या हवेचं नाही ते’ असं कुत्र्याबद्दल कुणी म्हणालं की मला ते कुत्र्यापुरतं ऐकता येत नाही. मी स्वतः परक्या हवेत राहतो. मला इथे रुजायला किती वर्षं लागली आणि काय रुजलं नाही, याचा हिशेब मनात चालू असतो. म्हणूनच कदाचित मला देशी-विदेशीचा निकाल इतका झोंबतो. पण माणूस हिवाळ्यासाठी कोट विकत घेतो आणि नाहीच जमलं तर तिकीट काढतो. नागपूरच्या मे महिन्यात हस्कीला अंगावरचा कोट उतरवता येत नाही. तिथे मी ‘नको’ म्हणतो, आणि हॅनोव्हरच्या जानेवारीत अंगावर काही न घालता फिरवलेला कारवान दिसला तर त्याच्या मालकालाही तेच म्हणेन.