टक्कल गोऱ्यांचं, आणि आपलं फक्त पाणी खराब?

आठवडाभर आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'टक्कल गोऱ्यांच्या रक्तात असतं. भारतीयांचे केस गळतात ते बोअरच्या पाण्याने आणि तेल सोडल्याने. आफ्रिकन बायकांचे केस तर जन्मतःच कमजोर.' तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि तिसरी अन्यायाची आहे.

युरोपीय वंशाच्या पुरुषांत टक्कल जास्त, हे खरं. पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्यांचे केस विरळ होतात. चिनी-जपानी पुरुषांत प्रमाण कमी. पण कारण सगळीकडे तेच: डीएचटी हे संप्रेरक आणि ते न सोसणारी मुळं, जी आनुवंशिकतेने येतात. आमच्याकडच्या एका जुन्या फोटोत आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ टोप्या काढून बसलेत. तिघांचंही कपाळ थेट टाळूपर्यंत गेलेलं. तेव्हा गावात आडाचं पाणी होतं आणि डोक्याला रोज तेल लागायचं.

क्षारांच्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मूळ मात्र त्वचेच्या आत असतं. पुंजकेच्या पुंजके हातात येत असतील तर दोन-तीन महिने मागचं आठवा: बाळंतपण, डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन? नसेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासा. 'मग शेगावचं काय?' असं एका काकांनी विचारलं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस भराभर गळाले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे विंचूदंशावरच्या संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे, म्हणजे एका खनिजाकडे, बोट दाखवलं.

आता आफ्रिकन वंशाच्या बायका. त्यांच्यात टाळूच्या मधोमध सुरू होऊन व्रण ठेवणारा एक प्रकार आढळतो. त्याचं खापर वर्षानुवर्षं गरम कंगव्यावर फुटलं. २०१९ मध्ये काही रुग्णांत केस घडवण्यात भाग घेणाऱ्या पीएडीआय३ या जनुकातले बदल सापडले. कानशिलांवरचे केस जातात ते बहुतेकदा घट्ट वेण्यांच्या ताणाने. घट्ट जुडा बांधणाऱ्या शीख पुरुषांतही हेच दिसतं.

आणि माझ्या भाचीतही. भरतनाट्यमच्या क्लाससाठी ती रोज केस ओढून अंबाडा घालायची. कानापुढची रेघ बोटभर मागे सरकली होती, कडेला नुसती लव उरली होती. सहा महिने सैल वेणी घातल्यावर तिथे केस उगवू लागलेत. क्लासच्या बाकीच्या आयांनो, मुलींची कानशिलं आजच बघा. ताण वर्षानुवर्षं राहिला तर तिथली मुळं कायमची जातात.